भिंतीतले पहारेकरी

दाराशी आलेल्या माणसाला सर 'या' म्हणत नसत. आधी विचारत, "काय खाऊन आलात?"

बुऱ्हाणपुरात या प्रश्नाला उत्तर तरी काय असणार? पोळी, पराठा, समोसा. कुणाच्या घरी लग्न असेल तर मांडे, म्हणजे उलट्या कढईवर भाजलेली इथली ती पंच्याएवढी पातळ पोळी. उत्तर मिळालं की सर अंगणातल्या नळाकडे बोट करायचे. "कोपरापर्यंत. साबण तिथंच आहे. मिशा पण."

त्यांचा एक जुना विद्यार्थी निवडणूक जिंकून गळ्यातल्या हारासकट पाया पडायला आला होता. त्यालाही मिशा धुवायला लावल्या. तो बिचारा तोंडाला फेस लावून म्हणाला, "सर, मी काय बॉम्ब खाऊन आलोय का?"

"माझ्यासाठी हो," सर म्हणाले. "चला, कुल्ला करा."

सिंधीपुऱ्यातल्या त्या घरात गव्हाचा कण चालत नव्हता. सरांना गव्हाचं वावडं होतं. अंगावर पित्त उठतं तसलं साधं वावडं नव्हे. गहू पोटात गेला की त्यांच्या आतड्याचं अस्तर स्वतःच स्वतःला खरवडून काढायचं. खालच्या दोन खोल्या ते भाड्यानं देत, पण स्वयंपाकघर सगळ्या घरात मिळून एकच, त्यामुळे भाडेकरू टिकत नसत. आमच्या आधीचं एक जोडपं म्हणे गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं लपून पोळ्या खाताना सापडलं होतं. सर ती गोष्ट दरोड्याची हकिगत सांगावी तशी सांगत.

आम्ही गुहागरकडचे. माझे यजमान पॉवरलूमचे फिटर. आधी भिवंडीला होते, मालकानं माग इथं आणले तसे आम्हीही आलो. मी सातवीपर्यंत शिकले. पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि धाकटी भावंडं अलीकडे. या गावात पाऊल टाकल्यापासून मला प्रत्येक गोष्टीची भीती वाटायची. हिंदीची, उन्हाची, भाजीवाल्यानं उलटं काही विचारलं तर त्याची. खोली बघायला गेलो तेव्हा जिन्यावर उभ्या असलेल्या या किडकिडीत, उंच म्हाताऱ्यानं विचारलं, "काय खाता तुम्ही लोक?" मला वाटलं, खोली जाते. मी घाईघाईनं खोटंच सांगितलं, "आम्ही मासे खात नाही हो."

"मासे खा, मगर खा! पोळी खाता का ते सांगा."

"पोळी क्वचित. भात. नाहीतर तांदळाची भाकरी."

सर दोन पायऱ्या उतरून खाली आले. "परत बोला."

"तांदळाची भाकरी."

त्यांनी किल्ली माझ्याच हातात ठेवली, यजमानांच्या नाही. त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात मी आमचं आणि सरांचं एकत्रच रांधायला लागले. घावन, पेज, भाकरी. सर ताटावर बसले की म्हणायचे, "बाई, तुमचं कोकण या गावात आणखी आधी का नाही आलं?"

सकाळी उठल्यावर देवाला हात जोडायच्या आधी ते पोटावर तळवा ठेवायचे आणि म्हणायचे, "उठा हो, पहारा बदला." मग कोमट पाण्यात चिमूटभर हिंग घालून घ्यायचे. त्यांच्या सदऱ्याला, पुस्तकांना, खुर्चीच्या हातांना हिंगाचा वास होता. "हिंग म्हणजे पोटाचा जुना दोस्त," असं ते म्हणायचे. डाळीत, ताकात, कढीत. मीही हात सैल सोडूनच घालायची. आमची जेवणं एकाच भांड्यातली.

आमची मनू तेव्हा पाचेक वर्षांची होती. हातपाय काडीसारखे, पोट मडक्यासारखं पुढे आलेलं. दिवसातून किती वेळा परसाकडे न्यावं लागायचं, ते सांगायलाही लाज वाटते. कुणी जंत म्हटलं, कुणी दात येतायत म्हटलं, माझ्या सासूनं गावाहून दृष्टीचा अंगारा पाठवला. मी आपली तिच्या मागे बिस्किटं घेऊन धावायची. दुधात बुडवून का होईना, पोरीच्या पोटात काही जावं म्हणून. भिवंडीपासूनची ती सवय. आणि इथं गव्हाचा कायदा मोडू नये म्हणून मी तिला फाटकाबाहेर उभी करून खायला द्यायची आणि मग कोपरापर्यंत हात धुऊन आत घ्यायची. सरांचा नियम मोडला नाही म्हणून मनाशी खूशही व्हायची.

एका दुपारी सरांनी ते बघितलं. फाटकाशी आले, मनूचा दंड दोन बोटांत धरला, नखं बघितली, खालची पापणी ओढून बघितली आणि तिथंच उंबऱ्यावर बसले.

"हिला बिस्किटं कधीपासून?"

"दात आल्यापासून, सर."

"बस. आता बंद."

पुढच्याच आठवड्यात ते आम्हाला इंदूरला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरणीनं मनूला भूल देऊन तोंडातून पोटात नळी घातली आणि आतड्याच्या अस्तराचा बारकासा तुकडा काढून तपासला. निदान सरांचंच निघालं. बाकावर बसून ते माझ्या यजमानांना म्हणाले, "माझ्यासारखीच आहे पोरगी." हे म्हणताना त्यांच्या तोंडावर आनंद होता. इतकी वर्षं एकटा असलेल्या माणसाला सोबत मिळाल्यासारखा. दुसऱ्याच क्षणी त्यांना त्या आनंदाची शरम वाटली असावी, कारण ते उठून पाणी आणायला गेले आणि बाटली न घेताच परत आले.

मला त्यातलं काही कळलं नव्हतं. घरी आल्यावर मी विचारलं, तर त्यांनी परात मागवली. परातीत तांदळाचे दाणे एकाला एक चिकटवून ओळीनं मांडले आणि मधल्या फटींत मोहरी ठेवली. मनू बाजूला उकिडवी बसली होती.

"हा तांदूळ म्हणजे आतड्याचं अस्तर. एकेक दाणा म्हणजे एक घर. आणि ही मोहरी म्हणजे पहारेकरी. रस्त्यावर गस्त घालणारे नाहीत हे. भिंतीतच राहतात, दोन घरांच्या मध्ये. खाल्लेलं सगळं यांच्या समोरून जातं. कुणाला जाऊ द्यायचं, कुणाला अडवायचं, ते हेच बघतात. तुमच्या पोरीचे आणि माझे पहारेकरी गहू बघितला की पिसाळतात. शत्रू समजून आपलंच घर पाडतात."

"कुणी शिकवलं त्यांना असं?" मी सहज बोलून गेले.

सरांनी मांडीवर थाप मारली. "बाई! हाच तर प्रश्न आहे!"

मग त्यांनी सांगितलं ते मला जसं आठवतं तसं लिहिते, चुकलं तर माझं. अंगात लढणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांतल्या पुष्कळशा हाडांच्या आतल्या मगजात जन्मतात आणि मग छातीच्या हाडामागं थायमस नावाची एक गाठ असते तिथं जातात. ती त्यांची शाळा. लहानपणी मोठी असते, वय वाढलं की सुकत जाते. आपला कोण, परका कोण, ते तिथं शिकवतात. जी पेशी आपल्याच माणसावर हात उगारते, तिला बहुतेक करून तिथंच संपवतात. फार कडक शाळा. शिकून बाहेर पडल्या की त्या अंगभर कामाला लागतात.

"आणि या भिंतीतल्या?"

"या शाळेत गेल्याच नाहीत," सर म्हणाले. आवाज एकदम खाली आणला होता. "जिथं काम, तिथंच वाढल्या. आतड्यातच शिकल्या." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्यासारख्या."

माझं शिक्षण विचारलं की मी नेहमी विषय बदलते. त्या दिवशी नाही बदलला. परातीतली ती मोहरी मी नंतर फोडणीत घातली नाही, वेगळ्या पुडीत ठेवली. वेडेपणाच.

तरुणपणी सर एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत होते. तिथं अंगावर केस नसलेले उंदीर पाळत. त्या उंदरांच्या छातीत ती गाठच जन्मतः तयार होत नाही. "शाळाच नाही, बाई! गावात शाळाच नाही! आणि मी त्यांच्या आतड्यात बघतो तर काय, पहारेकरी उभे!" लोक पहिल्या मुलाच्या जन्माची गोष्ट सांगतात तशी सर ही सांगायचे. लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्या पेशी आतड्यातच घडतात, हे पक्कं करायचं असं ठरवून ते बसले होते, पण तेवढ्यात त्यांचंच पोट बिघडलं. वजन उतरलं, उभं राहवेना. काय झालंय ते तेव्हा कुणाला ओळखता आलं नाही. काम अर्ध्यावर टाकून ते बुऱ्हाणपूरला परत आले आणि इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले.

अभ्यासक्रमात नसलेला एक प्रश्न ते दरवर्षी घरच्या परीक्षेत घालत: आतड्याच्या भिंतीतल्या पहारेकऱ्यांना कोणी शिकवलं? पोरं पानंच्या पानं भरायची आणि शून्य घ्यायची. तो निवडून आलेला विद्यार्थी सांगायचा, "आमच्या वर्गात एकालाच पूर्ण मार्क मिळाले. त्यानं लिहिलं होतं, ठाऊक नाही."

बिस्किटं बंद झाल्यावर मनूचं पोट जरा उतरलं. मी सरांच्या पाया पडायला गेले तर म्हणाले, "पाया नका पडू, बाई, ते ताक आणा." तिच्या वाटीतही ते स्वतः चिमूटभर हिंग घालायचे. "बेटा, दोस्ताला आत पाठव."

मग तो दिवस आला. परदेशात शिकायला गेलेल्या कुणा विद्यार्थ्यानं त्यांच्या फोनवर काही वाचायला पाठवलं होतं. सर सकाळपासून खुर्चीतून उठले नाहीत. भाकरी गार झाली. शेवटी मी वर गेले.

"बाई, खोटं निघालं."

"काय, सर?"

"सगळं नाही, पण बरंच. या पेशी सुद्धा शाळेत जाऊन आलेल्या असतात. बहुतेक साऱ्या. कोवळ्या असताना थायमसमध्ये जातात, अर्ध्यातच बाहेर पडतात, आणि उरलेलं आतड्यात येऊन पुरं करतात."

"मग ते उंदीर?"

"त्यांच्यात असतात थोड्या. खरंच असतात. मी बघितल्यात ना!" त्यांचा हात हवेत उठला आणि मांडीवर पडला. "पण त्या थोड्यांवरून मी सगळ्यांची गोष्ट सांगत बसलो. आणि ही बातमी काही आजची नाही. कधीची जुनी आहे. दुनियेला मालूम. मलाच इथं बसून कळली नाही."

मला त्यांना धीर द्यायचा होता आणि धीर देण्याइतकं माझ्याजवळ काही नव्हतं. मी म्हणाले, "म्हणजे सातवीपर्यंत शिकलेल्या."

ते हसले. खूप हसले, खोकला येईपर्यंत. मग डोळे पुसत म्हणाले, "हां. सातवीपर्यंत." त्यानंतर मी त्यांना त्या उंदरांची गोष्ट सांगताना ऐकलं नाही.

वर्ष सरत आलं तरी मनूचं रक्त काही सुधारत नव्हतं. पोट उतरलं होतं पण अंग धरत नव्हतं. सरांचे गालही आत गेले होते. पुन्हा इंदूर. त्या डॉक्टरणीनं शांतपणे एकेक विचारायला सुरुवात केली. मसाला कुठला, पापड कुठले, फरसाण, औषधाच्या गोळ्या. सर मोठ्या रुबाबात उत्तरं देत होते. "मॅडम, माझ्या घरात गव्हाला प्रवेशबंदी आहे. पाहुण्यांच्या मिशा धुतो मी."

ती हसली. "आणि हिंग? खडा की डबीतला?"

"डबीतला."

"सर," ती म्हणाली, "डबीतल्या हिंगात मैदा असतो ना बहुतेक. नुसता हिंग फार उग्र, म्हणून पिठात कालवून विकतात."

सरांनी मनूकडे बघितलं. ती टेबलावरच्या वजनकाट्याशी खेळत होती.

इंदूरहून येताना असीरगड लागतो. त्या वळणावर सर दर वेळी खिडकीतून बोट दाखवायचे आणि तेच वाक्य बोलायचे, "हा गड बाहेरून कुणाला घेता आला नाही, आतल्यांनीच दरवाजे उघडले." मनूला ते पाठ झालं होतं. त्या दिवशी ती त्यांच्या मांडीवर बसून वाट बघत राहिली. गड आला आणि गेला.

घरी पोचल्यावर चप्पलही न काढता ते स्वयंपाकघरात शिरले. हिंगाची डबी उचलून बाहेर नेली. मग नळाशी बसून त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. मनू शेजारी उभी राहून बघत होती. तिला म्हणाले, "बेटा, बाहेरच्यांना धुवायला लावत बसलो. चोर मीच घरात जेवायला घातला."

"सर, असं नका म्हणू," मी म्हणाले. मला रडू येत होतं. "तुम्ही नसता तर आम्हाला कळलं तरी असतं का काही?"

"तुम्ही गप बसा, बाई," ते म्हणाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले.

हिंग सुटल्यावर मनू वाढायला लागली. खरंच, बघता बघता. फ्रॉक आखूड झाले, गालाला रंग आला, शाळेच्या रांगेत ती पुढून मागे गेली. तिचा एकेक फ्रॉक आखूड होत होता तसे सरांचे सदरे सैल होत होते.

पुन्हा नळी, पुन्हा तुकडा. डॉक्टरणीनं या वेळी सरांना आत बसवून बराच वेळ समजावलं. बाहेर येऊन त्यांनी आम्हाला सोप्या भाषेत सांगितलं. "माझे पहारेकरी आता बहकलेत. गहू नसला तरी लढतात. नुसते वाढत चाललेत. त्यांना आता कारण लागत नाही." यजमानांनी विचारलं, हे हिंगामुळं का? सर म्हणाले, मीही डॉक्टरणीला तेच विचारलं, ती म्हणाली, सांगता येत नाही. वयानंही होतं, कुणाकुणाला काही कारण नसतानाही होतं.

ज्या पेशींच्या मागे त्यांचा जन्म गेला त्याच.

शेवटी सरांच्या पोटात पेजही राहीना. मी पेजेवरचं नुसतं पाणी चमच्यानं द्यायची. पोटावर तळवा ठेवायची सवय राहिली होती, पण "पहारा बदला" म्हणायचे नाहीत. एका दुपारी डोळे मिटलेले असताना म्हणाले, "बाई, यांना कोणी शिकवलं?"

हजार वेळा ऐकलेला प्रश्न. मी काय सांगणार?

"ठाऊक नाही, सर."

त्यांनी मान हलवली. "पूर्ण मार्क," म्हणाले.

सर गेले तेव्हा जवळच्या फोपनार गावाहून त्यांचा भाचा आला. केळीची बागायत असलेला, भला माणूस. सगळं त्यानं रीतीप्रमाणं केलं. तेराव्याला मांडे करणारा आचारी बोलावला. अंगणात, त्या नळाजवळच, उलटी कढई पेटली. आचारी हातावर पोळी फिरवायचा, ती पसरत पसरत हवेत जायची आणि पीठ उडायचं. माणसं येत होती, कुणी कुणाला विचारत नव्हतं काय खाऊन आलात. पीठ नळाच्या तोटीवर बसलं, जिन्यावर बसलं, वर त्यांच्या खुर्चीवरही बसलं असेल. मी मनूला ओढणीनं तोंड बांधायला सांगितलं. बायकांना वाटलं, रडतेय.

भाचा माझ्याजवळ आला. "ताई, तुम्ही मामांचं लय केलं. खोल्या सोडू नका. मुलांच्या शिक्षणासाठी मीच इथं राहायला येतोय वर. मिसेस पण येईल, तुम्हाला किचनमध्ये सोबत होईल. मामांचा आपला एक हट्ट होता. आता करा आरामात पोळ्या."

तो इतक्या मायेनं बोलत होता, की मी फक्त "हो" म्हणाले. नंतर सांगू म्हटलं. नंतर यजमानांनी सांगितलं, मीही सांगितलं. त्याच्या बायकोनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थोडंसं पीठ उडाल्यानं काय होतं? आम्ही तर लहानपणापासून खातोय."

तेराव्यालाच भाच्यानं दराब्याचा घास मनूच्या हातावर ठेवला. दराबा म्हणजे रवा, साखर, तूप फेटून केलेली इथली मिठाई. रवा गव्हाचाच. "घे बेटा, मामांचा प्रसाद." सगळ्या पंगतीचं लक्ष तिच्याकडे. मनूनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं तो घास डोळ्यांना लावला, पानाच्या कडेला नीट ठेवला आणि गर्दीतून वाट काढत नळाशी जाऊन हात धुवायला लागली. कोपरापर्यंत. साबण अजून तिथंच होता. मागून कुणीतरी म्हणालं, "काय पोरगी आहे. प्रसादाचा विटाळ झाला तिला."

आता वर भाच्याचं कुटुंब आलं आहे. ओट्यावर सकाळी कणीक मळली जाते. मी आमचा तवा, आमची भांडी खोलीत आणून ठेवली आहेत, खिडकीत शेगडी मांडून रांधते, तरी मनूचं पोट पुन्हा दुखायला लागलं आहे. आमच्या ऐपतीच्या जागांत ओटा सामायिकच असतो. म्हणून रोज दुपारी मी घर शोधायला निघते. दार उघडलं की भाडं विचारायच्या आधी विचारावंच लागतं, "तुमच्या घरात काय खातात?"

सरांनी हेच विचारलं की लोक हसायचे, हात धुवायचे. मी विचारलं की माणसं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात. त्यांना वाटतं मी जात विचारतेय. काल एकीनं तर विचारलंही, "तू कोण लागून गेलीस?" मी सांगायला तोंड उघडलं, मनूला पुढं केलं. परात असती, तांदूळ आणि मोहरी असती, तर मी तिथंच पायरीवर बसून मांडून दाखवलं असतं. पण तोवर दार लागलं होतं.